मिक्सर बाजूला ठेवा: भाजलेल्या कोंबडी-मटणावरच्या हिरव्या सॉसबद्दल

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही गच्चीवर शेगडी पेटवून कोंबडी भाजता आणि तिच्याबरोबर अर्जेंटिनाची चिमिचुरी, म्हणजे तिकडचा हिरवा सॉस, करून बघितलीत. कोल्हापुरात पार्सली (कोथिंबिरीसारखी दिसणारी विलायती पाल्याची जुडी) मिळाली नाही म्हणून कोथिंबीर घेतलीत आणि लसूण, मिरची, तेल, व्हिनेगर सगळं एकदम मिक्सरला फिरवलंत. सॉस कडवट झाला, रात्रीपर्यंत काळपट पडला, तळाला पाणी सुटलं आणि वडील म्हणाले, "ही तर आपली चटणीच की!" आता तुम्हाला पार्सलीला पर्याय हवाय. शिवाय मुलगी पुण्याला हॉस्टेलवर असते, तिच्यासाठी बाटलीत भरून महिनाभर टिकेल का, हेही विचारलंय.

मी १७ वर्षं कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून जेवणाच्या ऑर्डरी घेते. मुख्य काम तांबडा-पांढरा रस्सा आणि सुकं मटण हेच. पण शेतावरच्या पार्ट्यांना निखाऱ्यावर भाजलेल्या तंगड्या आणि चाप मागणारी माणसं बरीच असतात, आणि त्यांच्यासाठी हा हिरवा सॉस मी शेकडो वेळा केलाय. तुमच्या हातून जे झालं ते सगळं माझ्याही हातून झालेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट. पार्सली मिळाली असती तरी तुमचा सॉस थोड्याफार फरकाने असाच झाला असता. तो बिघडला मिक्सरमुळे, ओल्या पानांमुळे आणि जिन्नस घालण्याच्या क्रमामुळे. वडिलांनी त्याला चटणी म्हटलं ते अगदी बरोबर आहे, कारण तुम्ही चटणीच वाटलीत. चटणीत जिन्नस एकजीव व्हावे लागतात. या सॉसमध्ये ते एकजीव होऊन चालत नाही. पान पानासारखं दिसायला हवं, लसणाचा कण दाताखाली यायला हवा, तेल कडेने वेगळं चमकायला हवं.

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायचं तर खरड्याचं उदाहरण पुरे. पन्हाळ्यावर झुणका-भाकरीबरोबर मिळणारा खरडा आठवा. तव्यात मिरच्या आणि लसूण तेलावर परतायचा, मीठ टाकायचं आणि तव्यातच वाटीच्या किंवा तांब्याच्या बुडाने रगडायचं. कुठे बी दिसतं, कुठे मिरचीची साल, कुठे लसणाचा अर्धवट ठेचलेला तुकडा. प्रत्येक घासाला चव थोडी वेगळी लागते, आणि खरड्याची गंमत त्यातच आहे. तेच जिन्नस मिक्सरमधून बारीक काढले तर हिरवी पेस्ट होते आणि भाकरीबरोबर ती नको वाटते. चिमिचुरी करताना डोळ्यापुढे चटणी आणू नका, खरडा आणा. निम्मं काम तिथेच होतं.

मूळ पदार्थ काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये लाकडाच्या निखाऱ्यावर मांस सावकाश भाजण्याची पद्धत आहे, तिला आसादो म्हणतात. मांसाला मसाला जवळजवळ नसतोच, फक्त जाडं मीठ. चिमिचुरी शेजारी वाडग्यात असते, आणि भाजलेलं सॉसेज पावात घालून खातात त्यावरही ती पडते. तिच्यात पार्सली, लसूण, वाळलेला ओरेगॅनो, सौम्य लाल मिरचीची भरड, व्हिनेगर आणि तेल एवढंच असतं. बरेच जण आधी कोमट मिठाचं पाणी करून त्यात सुके जिन्नस भिजवतात. कोथिंबीर त्यात परंपरेने नसते. तेव्हा कोथिंबिरीचा सॉस करून त्याला चिमिचुरी म्हटलं तर तिकडचा माणूस मान्य करणार नाही, आणि ते त्याचं योग्यच आहे. पण म्हणून कोथिंबिरीचा सॉस कमी दर्जाचा होत नाही. येमेनमध्ये कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरं, वेलची यांचा झुग करतात. मोरोक्कोमध्ये कोथिंबीर, लसूण, जिरं आणि लिंबाचा चर्मूला माशाला लावतात. कोथिंबीर आणि भाजलेलं मांस-मासे ही जोडी जगात जुनी आहे. आपण ती मनापासून करावी, पार्सलीची उसनी जागा भरायला म्हणून करू नये.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुम्ही कोंबडीला आधी काय लावलं होतं ते लिहिलेलं नाही, आणि माझ्या दृष्टीने ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. दही, आलं-लसूण आणि घरची कांदा-लसूण चटणी लावून मुरवलेली कोंबडी असेल, तर हा सॉस करूच नका. त्या चटणीतच खोबरं, तीळ, धणे, लसूण, गरम मसाला सगळं आहे. तिच्यावर आणखी लसूण आणि आंबट आलं की दोन्ही एकमेकांची चव मारतात. तिथे उभा चिरलेला कांदा, लिंबू आणि मीठ एवढं पुरतं. हिरवा सॉस शोभतो तो नुसतं मीठ लावून भाजलेल्या मांसावर. भाजताना कडा करपतात, धुराचा वास बसतो, चरबी वितळून जिभेवर थर बसतो. त्या चरबीला कापायला आंबट लागतं, धुराच्या कडवटपणासमोर ताजं हिरवं लागतं, आणि अळणीपणा काढायला लसूण. सॉसमधल्या प्रत्येक गोष्टीला काम आहे, आणि मांसाने ते आधीच उरकलेलं नसेल तरच ते काम दिसतं.

मिठाचंही सांगते. कोंबडीच्या तंगडीला दोन-तीन चिरा देऊन मीठ लावा आणि तासभर तरी ठेवा. मिठाने आधी पाणी सुटतं आणि नंतर तेच खारं पाणी परत आत ओढलं जातं. बोकडाच्या चापा कोवळ्या नसतील तर कच्ची पपई किसून अर्धा तास लावा, जास्त नको, वरचा थर पिठूळ होतो. भाजायच्या आधी पपई पुसून काढा. आमच्याकडे मटणवाल्याला नुसतं "भाजायला पाहिजे" असं सांगितलं तरी तो नेमकं काय द्यायचं ते ओळखतो. त्याच्याशी बोला.

आता कोथिंबीर. मंडईत ती पाणी मारून ठेवलेली असते आणि पावसाळ्यात चिखलासकट येते. जुलै-ऑगस्टची कोथिंबीर पाणचट असते, वास कमी, भाव जास्त. दिवाळीनंतर जी बारीक पानाची, बुटकी, उग्र वासाची गावरान जुडी येते तिचा सॉस वेगळाच होतो. पावसाळ्यात करायचाच असेल तर एकाऐवजी दीड जुडी घ्या आणि पुदिन्याची पानं थोडी वाढवा. कुठल्याही ऋतूत जुडी मोठ्या पातेल्यात तीनदा धुवा, दरवेळी पाणी न हलवता पानं वर उचलून काढा म्हणजे माती तळाला राहते. मग धोतराच्या किंवा जुन्या सुती साडीच्या कापडावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवा. मूठ आवळली तर हाताला ओल लागता कामा नये. तुमच्या सॉसच्या तळाला जे पाणी आलं ते निम्मं इथलं आहे. उरलेलं मिठाने पानांतून काढलं, कारण मिक्सरने सगळी पानं फोडूनच ठेवली होती.

देठ टाकू नका. कोवळे देठ बारीक चिरून घ्या, कोथिंबिरीचा वास पानांइतकाच, किंबहुना जास्त, देठात असतो. जाड आणि दोऱ्यासारखे झालेले तेवढे रश्श्यात जाऊ द्या.

चिरण्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण सगळं इथे आहे. विळी असो वा सुरी, धार हवी. बोथट सुरी पान कापत नाही, चेंगरते. चेंगरलेल्या जागी पानातला रस हवेला लागतो आणि तिथून ते काळं पडायला लागतं. सफरचंद कापून ठेवल्यावर तांबूस होतं, साधारण तसाच हा प्रकार. मी मूठभर पानं-देठ घट्ट गोळा करते, डाव्या हाताने दाबून धरते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरी एकदाच नेते, दोन-अडीच मिलिमीटरच्या अंतराने. मग ढीग आडवा फिरवून पुन्हा एकदाच. बस. तिसऱ्यांदा त्यावर सुरी टकटक चालवत बसायचं नाही. पाटावर हिरवा डाग पडला, तर समजा की जास्त झालं आणि वास पाटाला गेला. चांगल्या चिरलेल्या कोथिंबिरीचा ढीग हाताने उचलून सोडला तर भुरभुर खाली पडतो. गोळा पडला तर ती ओली तरी आहे नाहीतर चेंगरलेली.

हा धडा मला पन्हाळा रस्त्यावरच्या एका शेतात मिळाला. चाळीसेक माणसांचं जेवण होतं, मित्रमंडळींचं रस्सा मंडळ. मी सकाळीच मिक्सरवर दोन डबे सॉस करून ठेवला, कारण संध्याकाळी चुलीपुढे हात मोकळे हवे होते. रात्री डबा उघडला तर वर पिवळट तेल, खाली शेवाळाच्या रंगाचा गाळ, आणि जिभेवर ठेवल्यावर लसूण नुसता चावत होता. मला रडू यायचं बाकी होतं. घरच्या आत्यांनी काही न बोलता उरलेली जुडी घेतली, विळीवर झरझर चिरली, ठेचलेला लसूण आणि मीठ लिंबाच्या रसात कालवून दोन मिनिटं ठेवलं, मग कोथिंबीर आणि वरून शेंगतेलाची धार. परात रिकामी झाली. त्यांनी चिमिचुरीचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्यांचा क्रम बरोबर होता. त्या क्रमामागचं कारण मला नंतर कळलं.

ते कारण असं. अख्ख्या लसणाला फारसा वास नसतो. पाकळी कापली किंवा ठेचली की तिच्या पेशी फुटतात, आतलं एक एन्झाइम दुसऱ्या द्रव्याला भेटतं आणि त्यातून तो झणझणीत ॲलिसिन तयार होतो. जितकं बारीक वाटाल तितका जास्त. मिक्सरमध्ये लसूण पार फुटतो आणि सॉस ठेवावा तसा अधिकच चावरा होत जातो. पण आंबटात ते एन्झाइम मंदावतं. म्हणून लसूण सुरीने बारीक चिरून लगेच मीठ आणि व्हिनेगरमध्ये टाकला तर त्याची चव राहते आणि चावरेपणा उतरतो. दहा मिनिटं तसाच ठेवायचा. आत्यांनी लिंबाच्या रसात तेच केलं होतं.

रंगाचं गणित याच्या उलट आहे. पानाच्या हिरव्या रंगद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आंबटात ते निसटतं आणि पोपटी रंगाचा शेवाळी होतो. पालेभाजी झाकण न ठेवता शिजवायची हे आपल्या आज्या सांगायच्या, त्यामागेही हेच आहे. भाजीतून निघणारी आंबट वाफ झाकणामुळे आतच राहते आणि भाजीचा रंग मारते. तेव्हा लसणाला आंबट आधी हवं, पानाला शेवटी. दोघांना एकाच भांड्यात एकाच वेळी टाकलं की एकाचं तरी बिघडतंच. मिक्सरमध्ये तुम्ही नेमकं ते केलंत, वर भांड्याची गरमीही दिलीत.

आंबट कुठलं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. किराणा दुकानात मिळणारं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुतेक सिंथेटिक असतं आणि नाकात जातं. ते वापरायचं तर तीन चमच्यांत एक चमचा पाणी मिसळा आणि हरभऱ्याएवढा गूळ विरघळवा. गोड लागता कामा नये, फक्त धार बोथट व्हावी. उसाच्या रसाचं व्हिनेगर मिळालं तर फार उत्तम, मला तेच आवडतं. लिंबू चालतं, पण लिंबाचा ताजेपणा तासाभरात उतरतो, म्हणून सॉस लगेच वाढायचा असेल तरच. मी लसणाला व्हिनेगर देते आणि वाढताना अर्धं लिंबू वरून पिळते. चिंच आणि आमसूल यात नको, दोन्ही सुंदर आंबट आहेत पण रंग आणि चव दोन्ही वेगळीकडे नेतात.

तेल. खूप जण इथे महाग ऑलिव्ह तेल आणतात. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये जोरात फिरलं की कडवट होतं, तुम्ही तेच घातलं असेल तर सॉसचा कडवटपणा काही अंशी तिथूनही आला असेल. अर्जेंटिनात सूर्यफूल भरपूर पिकतं आणि तिथेही बरेच जण चिमिचुरीत सूर्यफुलाचंच तेल घालतात, तेव्हा मनात कमीपणा आणू नका. आपलं घाण्याचं शेंगतेल मला मनापासून प्रिय आहे, पण त्याचा वास दांडगा. नुसतं तेच घातलं तर सॉस शेंगदाण्याच्या चटणीकडे झुकतो. मी तीन भाग सूर्यफूल आणि एक भाग घाण्याचं शेंगतेल घेते. शेंग मूळची दक्षिण अमेरिकेची आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच, तेव्हा या वाडग्यात त्या परक्या नाहीत.

ओरेगॅनोच्या जागी काय, याचं उत्तर तुमच्या कुंडीत असण्याची शक्यता आहे. भजी करतो तो पानओवा, जाड लुसलुशीत पानांचा. त्याच्या वासात जी द्रव्यं आहेत तीच ओरेगॅनोच्या वासातही मुख्य आहेत. दोन पानं पुरतात, तिसरं पान घातलंत तर खोकल्याच्या काढ्याची आठवण येते. पान रसाळ असतं, म्हणून चिरून कागदावर पाच मिनिटं टिपा. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या वापरणार असाल तर त्यात बहुधा मीठ आणि इतर मसाले मिसळलेले असतात, हे लक्षात ठेवून मीठ कमी करा.

मिरचीला फार लिहीत नाही. मूळ सॉस तिखट नसतो. लवंगी इथे नको, ती बाकी कशालाच बोलू देत नाही. ब्याडगीची बिया काढलेली भरड रंगाला आणि गडहिंग्लज-संकेश्वर भागातली जवारी मिरची चवीला, दोन्ही मिळून एक चहाचा चमचा. मुलं जेवणार असतील तर नुसती ब्याडगी.

आता प्रमाण. किलोभर कोंबडीला, म्हणजे पाच-सहा जणांना पुरेल असं. एक मोठी जुडी कोथिंबीर, निवडून चिरल्यावर दाबून दोन वाट्या व्हावी. पुदिन्याची १० ते १२ पानं, याहून जास्त नाही, पुदिना पटकन सगळ्यावर चढतो आणि सगळ्यात आधी काळा पडतो. गावरान लसणाच्या ८ पाकळ्या, किंवा मोठ्या लसणाच्या ४. पानओव्याची २ पानं. चहाचा एक चमचा मिरचीची भरड. चहाचा एक चमचा मीठ, सपाट. व्हिनेगर ३ मोठे चमचे. तेल अर्धी वाटी. आणि २ मोठे चमचे गरम पाणी.

गरम पाण्यात मीठ आणि मिरचीची भरड टाकून झाकून ठेवा, भरड फुगते आणि मीठ विरघळतं. मीठ तेलात विरघळत नाही, हे बरेच जण विसरतात. मग सॉस एका घासाला खारट आणि दुसऱ्या घासाला अळणी लागतो. पाणी निवलं की त्यात व्हिनेगर आणि चिरलेला लसूण घाला. दहा मिनिटं. पानओवा आणि तेल घालून ढवळा. इथपर्यंतचं काम निखारे पेटवायच्याही आधी करून ठेवा, तासभर बसलं तरी बरंच. कोंबडी जाळीवरून उतरली की कोथिंबीर-पुदिना चिरा किंवा आधी चिरून कोरडा ठेवलेला आत टाका, हलक्या हाताने वर-खाली करा. कोंबडी पाच-सात मिनिटं विसावू द्या, तेवढ्यात सॉसही बसतो. कोथिंबिरीचा सॉस पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात छान असतो. पार्सलीचं पान टणक असतं, तो सॉस उलट चार तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. पाककृतीत "रात्रभर मुरू द्या" असं वाचलं असेल तर ते पार्सलीसाठी लिहिलेलं होतं. कोथिंबिरीला ते लागू नाही, आणि तुमचा सॉस रात्रीपर्यंत काळा पडण्याचं हेही एक कारण.

भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं घ्या. पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियम आंबटाला नको, कळकतं.

दोन सवयी मोडा. हा सॉस कच्च्या मांसाला लावून भाजू नका. पानं निखाऱ्यावर जळून कडू काळी होतात. लावायचाच असेल तर थोडा वेगळा काढून घ्या, आणि ज्या वाटीत कच्च्या कोंबडीचा ब्रश बुडाला ती वाटी ताटाजवळ येता कामा नये. आणि कोंबडी बाहेरून करपली म्हणजे आतून शिजली असं धरू नका. हाडाजवळ टोचल्यावर लालसर पाणी आलं तर परत जाळीवर. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता आतल्या भागात ७४ अंश सेल्सियस दिसायला हवं.

तुमच्याकडे तो बिघडलेला सॉस फ्रीजमध्ये अजून असेल आणि कालचाच असेल, तर फेकू नका. साखर घालून सुधारत नाही, कडू-गोड होतो. पाणी निथळून काढा आणि घट्ट टांगलेल्या दह्यात कालवा. दह्याने लसणाचा चावरेपणा झाकला जातो, पावाला किंवा कबाबाला छान लागतो. पुढच्या वेळी आंबट जास्त झालं तर पाणी घालू नका, तेल आणि चिमूटभर मीठ घाला.

पार्सली तुम्हाला खरंच हवी असेल तर कुंडीत लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बी रात्रभर भिजवून. उगवायला दोन-तीन आठवडे, कधी जास्तही लागतात, त्यामुळे आठवड्याने कुंडी उकरून बघू नका. कोल्हापूरची थंडी तिला मानवते, एप्रिलच्या उन्हात ती सावलीत हलवावी लागते. तोवर हिवाळ्यात पाल्यासकट गाजरं आली की त्याचा कोवळा शेंड्याचा पाला कोथिंबिरीत एकास तीन मिसळून बघा. गाजर, कोथिंबीर, पार्सली, शेपू, ओवा हे सगळे एकाच कुळातले. गाजराच्या पाल्याला पार्सलीचा तो किंचित कडवट, गवताळ वास असतो.

राहिला बाटलीचा प्रश्न, आणि इथे मी अगदी स्पष्ट बोलते. महिनाभर नाही. कच्चा लसूण तेलाखाली बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही, आणि पुरेसं आंबट नसेल तर तिथे बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात. वास येत नाही, रंग बदलत नाही, चव कळत नाही. आपलं लोणचं टिकतं ते भरपूर मीठ आणि आंबटामुळे, तेल नुसतं वर असतं म्हणून नाही, आणि या सॉसमध्ये तेवढं मीठही नाही, तेवढं आंबटही नाही. म्हणून फ्रीजमध्ये कोथिंबिरीचा सॉस दोन दिवस, पार्सलीचा चार दिवस, ओट्यावर जेवण संपेपर्यंत. कोथिंबीर उरलीच तर पुढच्या वेळेसाठी चिरलेली पानं तेलात कालवून, लसूण आणि व्हिनेगर न घालता, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. खायच्या दिवशी फ्रीजमध्ये वितळवा आणि लसूण-व्हिनेगर ताजं घाला. पान मऊ पडतं, पण रंग आणि वास बऱ्यापैकी राहतो.

मुलीला बाटली देऊ नका, सुकी पुडी द्या. वाळलेला ओरेगॅनो दोन भाग, ब्याडगीची भरड एक भाग, मीठ एक भाग, अगदी कोरड्या डब्यात. महिनाभर सहज राहते. तिला सांगा, एक मोठा चमचा पुडी दोन चमचे गरम पाण्यात भिजवायची, दोन चमचे व्हिनेगर आणि दोन चिरलेल्या पाकळ्या घालून दहा मिनिटं थांबायचं, मग चार चमचे तेल, आणि शेवटी मूठभर चिरलेली पार्सली. पुण्यात मोठ्या भाजीबाजारात पार्सली मिळते. हॉस्टेलवर शेगडी नसेलच, पण उकडलेल्या अंड्यावर आणि तव्यावर परतलेल्या पनीरवरही हा सॉस उत्तम लागतो. फक्त तिला धारेची एक छोटी सुरी घेऊन द्या.